जोंधळ्याच्या दिवसांतला जयघोष

होळी तोंडावर आली की इंदापूरहून कळंबला जाणारा रस्ता मला जड जातो. ऊस बारमाही उभाच असतो, त्याचं काही वाटत नाही. पण ज्या रानांना कालव्याचं पाणी नीट पोचत नाही तिथं अजून शाळू जोंधळा असतो, आणि या दिवसांत तो पांढरा पडून वाऱ्यावर वाजायला लागलेला असतो. वाळक्या पानांचा तो आवाज मोटारसायकलवरही ऐकू येतो. उपटून आडव्या टाकलेल्या ताटांच्या मुळ्यांना काळी ढेकळं चिकटलेली असतात, त्यांना एक कोरडा, किंचित गोडसर वास असतो. तो वास आला की मी गाडीचा वेग कमी करतो. सव्वीस वर्षं हे असंच चाललंय.

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. चोवीस वर्षं पायदळात काढून हवालदार म्हणून घरी आलो आणि आता लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षकांचं काम बघतो. फाल्गुनातल्या एका दिवसाची रजा मी वर्ष सुरू होतानाच मागून ठेवतो. त्या दिवशी कळंबच्या शाळेत माझा मित्र संपत याच्या स्मृतीचा कार्यक्रम असतो. तिथं माझं काम एकच. शेवटी उभं राहून आमच्या पलटणीचा जयघोष द्यायचा. फाटकावर माझ्याबरोबर बारामतीचा एक जण आहे, तोफखान्यातून निवृत्त झालेला. तो आदल्या दिवशी हमखास चेष्टा करतो, "हवालदारसाहेब, घसा शेकून घ्या. उद्या अख्ख्या पायदळाची इज्जत तुमच्या नरड्यात हाय." मी हसतो. त्याला यातलं काही माहीत नाही. या वर्षीपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

आवाज मला वडिलांकडून मिळाला. आमच्या आजोबांची मेंढरं होती. वडिलांच्या काळात ती गेली आणि आम्ही बावड्याजवळ शेती करू लागलो. आबांचा, म्हणजे वडिलांचा, आवाज मात्र माळावरचाच राहिला. घरात हळू बोलायचं म्हणून बोलले तरी शेजारच्या वस्तीवरून कुणीतरी ओ द्यायचं. जोंधळा काढायला तेव्हा माणसं सावडीनं यायची, आज आमच्या रानात तर उद्या त्यांच्या. ओळीनं उभं राहून प्रत्येकानं आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याच्या काकऱ्या उपटत पार बांधापर्यंत जायचं. ऊन डोक्यावर आलं, तळहाताला फोड आले, कुसळानं मान खाजायला लागली की सगळ्यांचे हात मंद पडायचे. मग आबा भलरी धरायचे. एक ओळ ते म्हणणार, मागची सगळ्यांनी म्हणायची. थकलेलं माणूस स्वतःहून काही करणार नाही, पण दहा तोंडांनी ओळ उचलली की अकरावं तोंडही उघडतं आणि तोंडाबरोबर हातही चालू लागतो. मी बांधावर बसून हे बघायचो. आपली पात संपली की आबा सावलीला जायचे नाहीत. जी बाई सगळ्यांत मागं असेल तिच्या पातीत ते पलीकडच्या टोकानं शिरायचे आणि तिच्याकडं उपटत यायचे. भलरी चालूच. दोघांची गाठ पडली की काम संपलं. गाणं म्हणणाऱ्याला हेही करावं लागतं, एवढंच मला तेव्हा वाटायचं.

संपत मला पहिल्यांदा भेटला तो बारामतीच्या मैदानावर, भरतीत. छातीवर शाईनं नंबर टाकलेली दोन-तीनशे पोरं अनवाणी उभी होती. सोळाशे मीटर पळायचं होतं. शेजारच्यानं विचारलं, "कुठला रं तू?"

"बावड्याचा."

"मग तुला काय अवघड हाय. बावड्याची माणसं बाजाराला बी पळतच जात्यात."

"आन तू?"

"कळंब. आमी सावकाश जातो, पण माल चांगला आणतो."

तो माझ्या पुढं पाच पावलं आला. दोघंही घेतले गेलो. गाडीत बसताना त्यानं भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीची जागा घेतली. पुढची सहा वर्षं जवळजवळ तशीच गेली. ओझं माझ्याकडं, खिडकी त्याच्याकडं, आणि तक्रार कुणाचीच नाही.

लोकांना वाटतं, जयघोष हल्ल्याच्या वेळी देतात. तो तेव्हाचाच आहे, खरं आहे. पण सैनिकाच्या आयुष्यात हल्ले थोडे आणि दिवस पुष्कळ. आमचा घोष महाराजांच्या नावाचा. एकानं 'बोला' म्हणून नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'जय' म्हणायचं, असं तीनदा. साहेबांचं सैनिक संमेलन संपलं की घोष. रस्सीखेच, मुष्टियुद्ध, चिखलात रुतलेली गाडी, सगळीकडं घोष. सुट्टीवर जाणाऱ्यांचा ट्रक फाटकातून निघाला की घोष. एकदा आचाऱ्यानं मटण मनासारखं केलं म्हणूनही दिला होता, आणि तो बिचारा पळी हातात धरून सावधान उभा राहिला. प्रशिक्षणात उस्ताद सांगायचे, आवाज गळ्यातून काढू नका, बुटातून काढा. माझा तसाच निघायचा. सुभेदारसाहेब मला 'भोंगा' म्हणायचे आणि कुठंही काही अडलं की हाक यायची, भोंग्याला बोलवा.

एका थंडीत धुक्यामुळं गाड्या अडकल्या आणि आम्ही एका जंक्शनवरच्या लष्करी निवाऱ्यात दोन दिवस पडून होतो. शीख होते, जाट होते, गोरखे होते, आम्ही होतो. पत्र्याची शेड, अंगावर एकेक कांबळं. कुणीतरी वैतागून आपल्या पलटणीचा घोष दिला. मग दुसऱ्यांनी आपला. एकमेकांना उत्तर देता देता शेड गरम झाल्यासारखी वाटू लागली. गोरख्यांच्या घोषाला काय म्हणायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून संपत सरळ 'जय' म्हणाला, आणि त्यांनी ते चालवून घेतलं. हाच संपत हिवाळ्यात गार पाण्याच्या बादलीसमोर उभा राहून एकटाच पूर्ण घोष द्यायचा. "बोला म्हणणारा बी मीच, आन जय म्हणणारा बी मीच," तो सांगायचा. "तुमच्या भरवशावर ऱ्हायलो तर आंघोळ शिमग्यालाच व्हईल."

एक गोष्ट मात्र चेष्टेतही कुणी मोडत नसे. घोष झाला की बसून राहायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. पण सहा महिने, वर्षभर, सहा वर्षं रोज ऐकल्यावर ते शरीरात जातं. पाय आधी उठतात, डोकं नंतर विचार करतं. लष्करी रुग्णालयात पायाला प्लास्टर घातलेला एक जवान खिडकीतून घोष ऐकून पलंगाची कड धरून उठायला लागलेला मी पाहिला आहे. आपल्या आवाजात एवढी ताकद आहे याचा मला अभिमान होता. ती ताकद कुणावर कशी चालते याचा विचार मी कधी केला नव्हता.

संपत गेला त्या फाल्गुनात आमची पलटण वाळवंटात होती. इकडं होळीपर्यंत पहाटे गारवा असतो, तिकडं सकाळी नऊलाच वाळू तापायची. कंपन्यांची आपसात स्पर्धा होती. पाठीवर पूर्ण वजन, हातात रायफल, वीस किलोमीटर. दहा जणांची तुकडी आणि वेळ मोजायची ती शेवटच्या माणसाची. नऊ जण वाऱ्यासारखे आले आणि दहावा रखडत आला, तर तुकडीची वेळ त्या दहाव्याची. आमच्या तुकडीचा पुढारी मी होतो. नुकतीच लान्स नायकाची एक फीत लागली होती.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी संपतला जुलाब सुरू झाले. त्यानं ते मला एकट्याला सांगितलं. "किसन्या, पोटात काय ऱ्हाईना बघ." दवाखान्यात नाव घातलं असतं तर डॉक्टरांनी त्याला झोपवलं असतं, आम्ही नऊ उरलो असतो आणि तुकडी बाद झाली असती. मी म्हणालो, "परवा संध्याकाळी मी स्वतः नेतो तुला. एवढं होऊन जाऊ दे." तो म्हणाला, "बरं." मग कुशीवर वळला आणि म्हणाला, "आमचा जोंधळा काढणीला आला असंल आता. तात्या एकटाच उपटत बसला असंल." तात्या म्हणजे त्याचे वडील. मी त्याला साखर-मिठाचं पाणी करून दिलं आणि स्वतःला चांगला मित्र समजलो.

पंधरा किलोमीटर झाल्यावर त्यानं पाणी मागितलं. पळताना पाणी प्यायलं की पोट जड होतं, असं आम्ही ऐकत आलो होतो. मी माझी बाटली पुढं केली आणि म्हणालो, "गुळणी कर. पिऊ नको." त्यानं गुळणी केली. दोन किलोमीटर राहिले असताना एका काटेरी झुडपाजवळ तो बसला. चेहऱ्यावरचा घाम वाळला होता. मला वाटलं, सावरतोय. एवढ्या उन्हात घाम थांबणं म्हणजे उष्माघात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

"किसन्या, मला हितंच बसू दे. तुमी जावा."

मागून रुग्णवाहिका येत होती. मी हात वर केला असता तर ती थांबली असती. पुढं दुसऱ्या कंपनीची तुकडी दिसत होती, फार लांब नव्हती. मी संपतच्या समोर उभा राहिलो, वाकलो, आणि त्याच्या तोंडावर घोष दिला. बुटातून आवाज काढून दिला. आठ जणांनी 'जय' म्हटलं. आणि त्यांच्या मागोमाग, अगदी हळू, संपतही म्हणाला. म्हणाला आणि उठला. दोन किलोमीटर पळाला. रेषा ओलांडून गेला आणि पलीकडं पालथा पडला. आमचा दुसरा नंबर आला होता. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो पुन्हा काही बोलला नाही.

त्याला घेऊन मी गावी आलो. पुण्याहून लष्कराची गाडी बारामतीवरून आली तेव्हा ते भरतीचं मैदान दिसलं, पोरं क्रिकेट खेळत होती. कळंबला पोचलो तर माणसं काढणी सोडून आली होती. बायकांच्या पदरांवर जोंधळ्याची कुसळं होती, पुरुषांच्या पायांवर काळी माती. संपतच्या वडिलांनी, तात्यांनी, माझे दोन्ही हात धरले. "शेवटी काय बोलला?"

"जय म्हणाला, तात्या."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं, नानीनं, तो शब्द ऐकला आणि इतका वेळ चाललेलं कपाळ आपटणं थांबवलं. ते मी पाहिलं, आणि पुढचं सांगायचं राहून गेलं. अंत्यसंस्कारात घोष मीच दिला. सगळ्या गावानं उत्तर दिलं. एवढा मोठा 'जय' मी पलटणीतही ऐकला नव्हता.

पुढच्या साली याच दिवसांत मी सुट्टीवर आलो. आबांबरोबर जोंधळा काढायला उतरलो. दुपारी त्यांनी भलरी धरली, आपली पात संपवली आणि वळून मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या पातीत शिरले. त्यांच्याकडंही शेवटच्याच माणसाची वेळ मोजली जात होती. ती पात राहिली तर रान निघालं असं होत नाही. मी हातात ताटं धरून उभा राहिलो. आबा ओरडले, "काय रं, काय झालं?" मी 'काही नाही' म्हणालो. त्यांनाही कधी सांगितलं नाही. आता ते नाहीत.

सांगायला सव्वीस वर्षं होती. कधी वाटायचं, यंदा सांगू. मग नानी पाठीवरून हात फिरवायची, वाटीत दूध-भाकरी कुस्करून समोर ठेवायची आणि आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "ह्यो माझ्या संपतचा जोडीदार. लेकरू जय म्हणत गेलं बघा माझं. ह्यानं ऐकलंय." मी मान हलवायचो. दरवर्षी कार्यक्रमात शाळेतली पोरं बदललेली असायची, गुरुजी बदललेले असायचे. घोष माझाच.

यंदा महिन्यापूर्वी तात्यांचा फोन आला. त्यांचं वय आता पंचाहत्तरच्या पुढं आहे, पण फोनवर अजून रानात हाक मारल्यासारखं बोलतात. "किसना, शाळंच्या चौथऱ्यावर नवी फरशी बसवायची ठरलीया. संपतच्या नावाखाली 'जय म्हणत गेला' असं कोरायचं. आन त्याच्या खाली तुझं नाव. समदी म्हणली, येवढी वरसं येतोय, त्याचं नाव पायजे." मी म्हणालो, "बघू." त्या महिन्यात मी फाटकावर बरेचदा नोंद चुकवली. दगडावर ते तीन शब्द असतील आणि त्याखाली माझं नाव असेल, पोरं ते वाचतील, आणि मी त्यांच्यासमोर उभा असेन. हे मला जमणार नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळीच गेलो. तात्या रानात होते. अर्ध्या एकराचा तुकडा, तिथं यंत्र यायला तयार होत नाही आणि सावडीला आता कुणी नाही. दोन बायका लावल्या होत्या. भलरी वगैरे काही नव्हतं, एकीच्या कमरेला मोबाईल वाजत होता. मी बूट काढले आणि तात्यांच्या शेजारची पात धरली.

"साहेबाचं हात मऊ पडलं असतील," तात्या म्हणाले.

"पडलेत."

"मग जपून. रगात आलं तर नानी मला बोलंल."

बायका पाणी प्यायला बांधावर गेल्या तेव्हा मी म्हणालो, "तात्या, फरशीवर माझं नाव नको."

"का रं? लाजतोस व्हय?"

"संपत बसला होता, तात्या. मला हितंच बसू दे म्हणाला होता. मी त्याला उठवला." आणि मग सगळंच सांगितलं. दोन दिवसांचं पोट, दवाखान्यात न घातलेलं नाव, मागून येणारी गाडी, त्याच्या तोंडावर दिलेला घोष. तात्या आधी उपटत राहिले. मग त्यांचे हात थांबले. एक ताट अर्धं उपटलेलं तसंच मुठीत राहिलं.

त्यांनी विचारलं, "पाणी होतं का तितं?"

"होतं. माझ्या बाटलीत होतं."

"पाजलंस?"

"गुळणीपुरतं दिलं. पिऊ दिलं न्हाय."

त्यांनी ते ताट उपटलं, माती झटकली, नीट ओळीत ठेवलं. "मी ल्हानपणी मेंढरं राखलीत, किसना," ते म्हणाले. "बसलेलं मेंढरू खांद्यावर घ्यायचं आसतं. हाकायचं नसतं."

मी पुढचं ताट उपटलं. नंतर म्हणालो, "आज मी घोष देणार नाही. नानीला सांगतो आणि जातो."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या वयात त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "तिला सांगायचं न्हाय."

"तात्या, पण..."

"सव्वीस वरसं त्या येका शब्दावर तिच्या घशाखाली घास उतरतोय. तू सांगशील आन मोकळा व्हशील. तिनं काय करायचं?" मग हात सोडला. "तुझं नाव फरशीवर येणार न्हाय. ते मी बघतो. घोष तू देणार. जा, हातपाय धू."

शाळेच्या पटांगणात पोरं रांगेनं बसली होती. पुढं दोन खुर्च्या, नानी आणि तात्या. भाषणं झाली, हार घातला, मुलींनी एक गीत म्हटलं. मग गुरुजींनी माझं नाव घेतलं आणि मी चौथऱ्याजवळ उभा राहिलो. मला वाटत होतं, आवाज निघणार नाही. निघाला. पूर्ण निघाला, नेहमीसारखा, पायातून. सगळं पटांगण एकदम उठलं आणि 'जय' झाला. नानी दोन्ही हात जोडून म्हणाली. तात्या उभे होते, माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं. मी दुसऱ्यांदा दिला. पोरांचा आवाज अजून चढला. तात्यांचे ओठ हलले नाहीत. तिसऱ्यांदा देताना मी त्यांच्याकडं न बघण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. सगळ्यांचा 'जय' म्हणून झाला. नानीनं वळून त्यांच्याकडं बघितलं आणि कोपरानं हलकेच ढोसलं.

"अवो, म्हणा की."

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग समोर पाहून, जवळ उभ्या असलेल्यालाच ऐकू येईल एवढ्या आवाजात, ते 'जय' म्हणाले.